देवाघरची ओळख आणि रोजची प्रार्थना

कोणी वारलं की आपण सहज म्हणतो, 'ते देवाघरी गेले.' लहान मुलांना तर हमखास असंच सांगतो. पण ज्या घरात आपण कधी राहिलो नाही, जिथल्या धन्याशी आपलं कधी बोलणं नाही, ते आपलं घर कसं? तिथे गेलो तरी पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागेल. ख्रिस्ती परंपरा या प्रश्नाचं काय उत्तर देते, ते आज आपण पाहू या.

संत पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं. आपण स्वर्गाचे नागरिक आहोत, असं त्यात तो सांगतो. 'नागरिक' हा शब्द तिथल्या लोकांना लगेच कळणारा होता. फिलिप्पै आजच्या उत्तर ग्रीसमध्ये येतं. इ.स.पू. ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवलं गेलं. रोम समुद्रापलीकडे, शेकडो मैल दूर. पण इथला कायदा रोमन आणि कारभाराची भाषा लॅटिन. तिथेच जन्मलेल्या कित्येकांनी रोम डोळ्यांनी पाहिलंही नसेल, तरी ते रोमच्या रीतीने राहत होते. पौलाला म्हणायचंय ते हेच: आपलं घर दूर असलं, तरी त्या घराची रीत इथे, आजच पाळायची असते.

मग ही रीत अंगवळणी पडते कशी? रोजच्या सरावाने. प्रार्थना म्हणजे हा सराव. स्वर्गाचं तिकीट काढण्यासाठी ती करायची नसते.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. ती नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: तिच्यात 'मी' आणि 'मला' हे शब्दच नाहीत. सुरुवातीपासून 'आमचा', 'आम्हांला'. म्हणजे त्या घरात कोणी एकटं राहत नाही, हे पहिल्या शब्दापासून आपल्याला शिकवलं जातं. पुढे स्वर्गात चालते तशी देवाची इच्छा पृथ्वीवरही चालावी, असं मागणं येतं. मग भाकर, आणि तीही आजच्यापुरती. मग क्षमा, आणि तिला अट जोडलेली: आपणही दुसऱ्याला क्षमा करायची. घराच्या सगळ्या रीती या चार-पाच ओळींत आल्या.

आता कोणी म्हणेल, स्वर्गाकडे डोळे लावून बसलं की इथल्या दुःखाकडे पाठ फिरते. आक्षेप खोटा नाही, तसं घडतंही. म्हणूनच पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहू या. त्यांचं बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर एका तीर्थातून दुसऱ्या तीर्थाकडे भटकण्यात गेलं. स्थिर घर असं नव्हतंच. पुढे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना केडगावला आणलं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना रोजची होती, आणि शेती, विणकाम, छपाईही रोजचीच. ज्यांना घर नव्हतं त्यांच्यासाठी रमाबाईंनी घर उभारलं. देवाची इच्छा पृथ्वीवर चालावी, या मागण्याचा अर्थ त्यांनी असा घेतला.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. पाठोपाठ एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर हे त्यांच्या अखेरच्या वर्षांचं काम होतं. घर पुढे आहे या विश्वासाने त्यांचं मुलीमागचं दुःख पुसलं गेलं, असं आपण म्हणणार नाही. दुःख असतंच, पण त्या विश्वासाने हातातलं काम सुटत नाही, एवढं मात्र दिसतं.

तर या आठवड्यात एवढंच करून पाहू या. प्रभूची प्रार्थना घाईने उरकायची नाही. एकेक मागणं म्हणायचं आणि जिथे जीभ अडखळेल तिथे थांबायचं. बहुधा ती क्षमेपाशी अडखळते; कोणाचं तरी नाव आठवतं. त्या माणसाशी आपल्याला एकाच घरात राहायचं आहे. तयारी तिथूनच सुरू करू या.