शेळी अचानक व्याली? पेढे नंतर, आधी वही काढा!



डिसेंबरमधली गोष्ट. सकाळी पावणेसहाला फोन वाजला. सोलापूर जिल्ह्यातला आपल्या बॅचचा एक विद्यार्थी होता. घरामागच्या गोठ्यात पाच उस्मानाबादी शेळ्या घेऊन त्याने नुकतीच सुरुवात केली होती.

"सर, पेढे घ्या! शेळी व्याली. तीन करडं!"

"कुठली? तुमच्याकडं तर एकही गाभण नव्हती ना?"

"तेच तर सर! खाली म्हणून आणली होती. एका शेळीच्या पैशात चार झाली!"

मी विचारलं, "तिघांनी चीक पिला का?"

पलीकडं शांतता. मग हळूच उत्तर आलं, "दोन पितायत. तिसरं उठत नाहीये. गार लागतंय हाताला."

शेळी रात्रीच कधीतरी व्याली होती. गोठ्यात कोणी नाही, खाली ओला कोबा, वर डिसेंबरची थंडी. फोनवरून सांगता येईल तेवढं सांगितलं. 1962 ला फोन करायला लावला. डॉक्टर आले, त्यांनी प्रयत्न केले. पण दुपारी बारापर्यंत तिसरं करडू गेलं.

आता खरा प्रश्न. हे सगळं खरंच "अचानक" झालं होतं का?

बोटांवर मोजा

शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. ती 12 डिसेंबरला व्याली. 150 दिवस मागे गेलं की येतो 15 जुलै. त्याने शेळी आणली ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे आणली तेव्हाच ती दीड महिन्याची गाभण होती. एवढ्या दिवसांत पोट दिसत नाही. विकणाऱ्याने फसवलं असंही म्हणता येणार नाही, कारण कळपात बोकड मोकळा असला की मालकालाही कधी कधी पत्ता नसतो.

पण पुढचे साडेतीन महिने शेळी सांगत होती. आपलं लक्ष नव्हतं.

खाली असलेली शेळी हंगामात साधारण 18 ते 21 दिवसांनी माजावर येते. शेपटी हलवते, ओरडते, चारा कमी खाते. ही एकदाही आली नाही. शेवटच्या महिन्यात उजव्या बाजूचं पोट खाली उतरलं, कास भरत गेली. आमच्या गड्याला वाटलं, खुराक मानवला! दिसत सगळं होतं, फक्त लिहिलेलं काहीच नव्हतं. मित्रांनो, धंद्यात जे लिहिलं जात नाही ते लक्षात राहत नाही.

"फुकट" करडाचा हिशोब

पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या काळात शेळीला रोज पाव किलो जास्तीचा खुराक दिला तर 45 दिवसांत सव्वाअकरा किलो लागतो. समजा खुराक 30 रुपये किलो, तर खर्च साधारण 340 रुपये. आणि समजा तेच करडू मोठं होऊन 4,000 रुपयांना गेलं असतं.

खुराक दिला असता तर ते नक्की जगलं असतं, अशी गॅरंटी मी देणार नाही. पण पोटात नीट वाढलेलं करडू, कोरडी जागा आणि रात्री जवळ एक माणूस एवढं असतं, तर त्याला संधी मिळाली असती. तारीखच माहीत नव्हती, म्हणून यातलं एकही झालं नाही.

तुमच्याकडं आज रात्री असं झालं तर?

1. करडाच्या नाकातोंडावरचा चिकट पदार्थ पुसा. शेळीला चाटू द्या. राहिलेलं अंग कोरड्या गोणपाटाने पुसा.
2. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.
3. अर्ध्या-एक तासात चीक पाजा. पहिल्या 24 तासांत वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा. म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिली, थोडा थोडा करून.
4. शेळीला सड दोनच असतात. तिळं असेल तर सगळ्यात लहान करडू मागे पडतं. त्याला तुम्हीच सडाला लावा किंवा बाटलीने पाजा.
5. करडू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या. चोखायची ताकद नसताना तोंडात चीक ओतू नका, तो फुप्फुसात जातो. डॉक्टरांना बोलवा.
6. शेळी अर्धा-पाऊण तास जोरात कळा देतेय आणि करडू येत नाही, किंवा 12 तासांत वार पडली नाही, तर डॉक्टर. वार ओढायची नाही.

आणि पुन्हा "अचानक" नको असेल तर?

एक 100 पानी वही आणा. प्रत्येक शेळीला एक पान. आणल्याची तारीख, माजाची तारीख, बोकड दाखवल्याची तारीख, त्यापुढे 150 दिवस मोजून व्यायची तारीख. जंताचं औषध, लस, सगळं त्याच पानावर.

बाजारातून आणलेली प्रत्येक शेळी गाभण आहे असं धरूनच चाला, जोवर ती माजावर येत नाही. जंताची काही औषधं गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाहीत, म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणखी एक. घरचे नर करडू तीन महिन्यांचे झाले की वेगळे बांधा. चार-पाच महिन्यांचा नरही शेळी गाभण करू शकतो. मग आई-बहिणीशीच संकर होतो, पुढची पिढी कमजोर निघते. खूप गोठ्यांत "अचानक" व्यायचं कारण हेच असतं.

आपल्या विद्यार्थ्याने त्याच आठवड्यात वही आणली. पहिल्या पानावर पहिली नोंद केली: "12 डिसेंबर. तीन करडं. दोन जिवंत, एक मृत." मी म्हटलं, ती ओळ कधी खोडू नका.

पुढची शेळी व्यायला आली तेव्हा फोन नाही, मेसेज आला. "सर, उद्या तारीख आहे. गोणपाट वाळवून ठेवलंय. आज मी गोठ्यातच झोपतोय."

या वेळी पेढे मी खाल्ले.

तुमच्या गोठ्यात पुढची शेळी कधी व्यायची आहे? तारीख सांगता येत नसेल, तर आजच वही आणा. भेटू पुढच्या व्हिडिओत!