आर्केड गेमचे प्रोटोटाइप इतके दुर्मिळ का असतात? आणि चिपमधला गेम आपोआप पुसला कसा जातो?



माझं गाव अंबड तालुक्यात. लहानपणी जालन्याला आलो की बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक चक्कर ठरलेली. एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि 'मुस्तफा' खेळायचा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली आणला. त्यात मुस्तफा कैरो नावाचं एक पात्र आहे, म्हणून आपल्याकडे सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे.

गेल्या दिवाळीत चौकशी केली तर पार्लर केव्हाच बंद झालेलं आणि मशीन भंगारात गेलेल्या. आता जालना म्हणजे स्टीलचं गाव. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात, त्यामुळे पुढचं सांगायला नको. एक बोर्ड मात्र मोबाईल रिपेअरिंग करणाऱ्या मित्राकडे पडून होता. तो मी घरी आणला.

प्रोटोटाइप म्हणजे काय?

नवा आर्केड गेम बाजारात आणण्याआधी कंपनी त्याच्या मोजक्याच मशीन बनवते, खऱ्या पार्लरमध्ये ठेवते आणि पेटीत किती नाणी जमली ते बघते. गल्ला कमी जमला की गेम रद्द. त्या मोजक्या मशीन म्हणजे प्रोटोटाइप.

अटारी कंपनीचा १९८२ चा 'अक्का आर' हा गेम असाच रद्द झाला. (नावाचा आपल्या अक्काशी काही संबंध नाही!) त्याच्या फक्त तीन मशीन शिल्लक असल्याचं सांगितलं जातं आणि त्या संग्राहकांकडे आहेत. असे संग्राहक एकेका बोर्डासाठी मोठी किंमत मोजतात. गेमची कॉपी बाहेर गेली तर आपल्या बोर्डाची किंमत उतरेल, अशी भीती त्यांच्यापैकी काहींना वाटते. म्हणून ते कॉपी करू देत नाहीत. पैसे त्यांनी मोजलेले असतात, त्यामुळे ही भीती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण चिप कुणासाठी थांबत नाही.

चिप विसरते कशी?

हजारोंनी विकायच्या गेमसाठी कंपन्या बहुतेक वेळा मास्क रॉम वापरायच्या. त्यात डेटा चिप बनतानाच कायमचा कोरला जातो. प्रोटोटाइपमध्ये मात्र रोज बदल होतात, म्हणून तिथे ईप्रॉम लागते. हिच्यावर काचेची छोटी खिडकी असते. खिडकीतून अतिनील प्रकाश टाकला की साधारण १५-२० मिनिटांत सगळं पुसलं जातं आणि चिप परत लिहिता येते.

ईप्रॉममध्ये प्रत्येक बिट म्हणजे चारही बाजूंनी बंद केलेल्या कप्प्यात अडकवलेला विद्युतभार. खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत तो निसटू शकतो. खिडकी झाकली तरी काही दशकांत तो हळूहळू गळतोच. गळला की ० चा १ होतो. प्रोग्रॅममधला एक बिट उलटला तरी गेम अडकू शकतो.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या नकली बोर्डांवरही बऱ्याचदा हीच ईप्रॉम असते. माझ्या बोर्डावर अशा आठ चिप होत्या, त्यातल्या दोघींचे स्टिकर निघालेले. मी सगळ्या प्रोग्रॅमरवर वाचल्या आणि त्यांचे चेकसम 'मेम' प्रकल्पाच्या यादीशी जुळवून पाहिले. जुने आर्केड गेम जपण्यासाठी निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली हा प्रकल्प सुरू केला होता. सात चिप जुळल्या. आठवी दर वेळी वेगळंच उत्तर देत होती. खिडकी उघडी असलेल्यांपैकीच ती एक.

मग नुकसान कुणाचं?

माझं फारसं काहीच नाही. मुस्तफाच्या कॉप्या जगभर आहेत, त्यामुळे नवी चिप लिहून काम भागलं. पण तीनच मशीन असलेल्या गेमचं काय? 'अक्का आर'चा डेटा २०१९ मध्ये इंटरनेटवर आला. तो कुणी आणि कसा काढला यावर बराच वाद झाला. मालकाला न विचारता कॉपी करणं मलाही पटत नाही. पण २०२२ मध्ये अटारीनेच हा गेम 'अटारी ५०' या संग्रहात दिला आणि चाळीस वर्षांनी लोकांना तो घरबसल्या खेळता आला. त्या मूळ मशीन आजही तितक्याच दुर्मिळ आहेत. म्हणजे वस्तूची किंमत वेगळी आणि आतल्या डेटाची वेगळी. डेटाची कॉपी नसेल, तर एक दिवस संग्राहकाकडे नुसतं सुंदर कपाट उरेल.

जुना बोर्ड सापडला तर?

- लगेच करंट देऊ नका.
- खिडक्यांवर प्रकाश आत न जाऊ देणारा स्टिकर लावा.
- प्रत्येक चिप किमान तीनदा वाचा. तिन्ही चेकसम सारखे आले तरच त्यावर विश्वास ठेवा.
- कॉपी काढली तरी कॉपीराइट कंपनीचाच राहतो, हे विसरू नका.

आणि भंगारवाल्याला देण्याआधी एकदा बोर्ड उलटून-पालटून बघा. भट्टीतून काही परत येत नाही.