पस्तीस आवर्तनांचं पुण्य

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. जुना कॉम्प्युटर विकायचा आहे. दुकानदार म्हणतो, नुसतं डिलीट करून भागत नाही, ‘मिलिटरी ग्रेड’ सॉफ्टवेअरनं डिस्क ३५ वेळा पुसावी लागते, नाहीतर सगळं परत काढता येतं. त्याचे पैसे वेगळे. हे कितपत खरं?

डिलीट करून भागत नाही हे शंभर टक्के खरं. लहान पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर आजही जी एफएटी पद्धत चालते, तिच्यात फाइल डिलीट केली की नोंदवहीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे ‘ई५’ हा हेक्साडेसिमल आकडा लिहितात आणि फाइलचे तुकडे कुठे पडलेत त्याची साखळी कोरी करतात. संपलं काम. मजकूर जिथल्या तिथे. १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा आली. ती खोडलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह दाखवायची आणि विचारायची, या नावाचं पहिलं अक्षर काय होतं तेवढं सांगा. बाकीचं तिच्याकडे असायचंच.

या ई५ची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानी लिपीच्या शिफ्ट-जेआयएस संकेतात काही कांजी चिन्हांची सुरुवातच ई५ने होते. म्हणजे त्या चिन्हानं सुरू होणारं नाव फाइलला दिलं, की चांगली जिवंत फाइल कॉम्प्युटरच्या लेखी मेलेली. उपाय म्हणून अशा नावांच्या सुरुवातीला ई५ऐवजी ०५ लिहायचं ठरलं, आणि ती तडजोड अजून तशीच चालू आहे.

डिलीट झालेलं परत मिळतं हे ओळखून सगळ्यात आधी पैसे कमावले ते पीटर नॉर्टननं. चुकून एक फाइल उडाली, ती पुन्हा टाइप करण्यापेक्षा परत आणणारा प्रोग्रॅम लिहिलेला बरा, असं त्याला वाटलं. १९८२ साली नॉर्टन युटिलिटीज बाजारात आलं. याची दुसरी बाजू एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी दाखवली. २००० ते २००२ या काळात त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या चालू निघाल्या १२९, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक मिळाले. एक डिस्क तर इलिनॉयमधल्या एटीएमची होती, ग्राहकांच्या व्यवहारांसकट.

तेव्हा पुसायला हवंच. पण ३५ वेळा? आणि हे ‘मिलिटरी’ कुठून आलं? अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावानं जी पद्धत सांगतात ती तीन वेळा पुसायची. ३५चा आकडा कुठल्याच लष्कराचा नाही. तो न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन यांचा. जुलै १९९६मध्ये सॅन होजेच्या युसेनिक्स परिषदेत त्यांनी एक निबंध वाचला. मुद्दा असा, की डिस्कवरचा शून्य आणि एक म्हणजे शेवटी चुंबकत्वच, आणि नव्या लिखाणाखाली जुन्याचा थोडा अंश उरतो. शून्यावर एक लिहिला तर प्रत्यक्षात ०.९५ होतो, एकावर एक लिहिला तर १.०५. मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपखाली हा फरक दिसला, तर आधी काय होतं ते कळेल. म्हणून त्यांनी उतारा दिला: चार वेळा वाटेल ते आकडे, मग २७ ठरावीक नमुने, मग पुन्हा चार वेळा वाटेल ते. एकूण ३५.

आता यातली मेख. ते २७ नमुने एका डिस्कसाठी नव्हतेच. त्या काळात डिस्कवर लिहिण्याच्या एमएफएम, आरएलएल अशा वेगवेगळ्या पद्धती होत्या. तुमच्या डिस्कची पद्धत ठाऊक नसेल तर सगळ्यांसाठीचे नमुने मारून टाका, एवढाच अर्थ. ज्याला आपला आजार माहीत आहे त्यानं दुकानातली सगळी औषधं घ्यायची नसतात. पण लोकांनी यादी उचलली आणि मोकळे झाले. ॲपलच्या डिस्क युटिलिटीतसुद्धा ‘३५ वेळा’ हा पर्याय कैक वर्षं होता. शेवटी गुटमन यांनीच निबंधाला पुरवणी जोडून वैतागून लिहिलं, की लोक या ३५ फेऱ्यांकडे तंत्र म्हणून न बघता मंत्रतंत्र म्हणून बघायला लागले आहेत. नव्या डिस्कना हे नमुने लागूच पडत नाहीत, वाटेल ते आकडे दोनचारदा लिहिले की झालं. मूळ निबंधाला पुढे शेकडो जणांनी दाखला म्हणून वापरलं. पुरवणी कितीजणांनी वाचली असेल, देव जाणे. आवर्तनं जितकी जास्त तितकं पुण्य जास्त, हा हिशोब आपल्याकडेच चालतो असं नाही.

वेळेचा हिशोबही बघा. एक टेराबाइटची डिस्क, वेग सेकंदाला १५० मेगाबाइट. एका फेरीला दोन तासांना थोडे कमी. ३५ फेऱ्यांना अडीच दिवसांहून जास्त. दुकानदार खरोखर एवढा वेळ तुमची डिस्क लावून ठेवणार आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही.

या वादाचा निकाल लागला तो आपल्याकडे, हैदराबादला. डिसेंबर २००८मध्ये तिथे भरलेल्या परिषदेत क्रेग राइट, डेव्ह क्लायमन आणि श्याम सुंदर यांचा निबंध आला. त्यांनी पुसलेल्या डिस्क मायक्रोस्कोपखाली घालून प्रत्यक्ष वाचायचा प्रयत्न केला होता. गुटमन यांच्या काळातल्या, वापरात असलेल्या डिस्कवर एकदाच पुसलेला एक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता निघाली ५६ टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं तरी ५० मिळतात. आता युनिकोडमधला साधा ‘अ’ घ्या. त्याला तीन बाइट लागतात, म्हणजे २४ बिट. चोवीसच्या चोवीस बरोबर येण्याची शक्यता अकरा लाखांत एक. हा एका ‘अ’चा भाव. नव्या, दाटीवाटीनं लिहिणाऱ्या डिस्कवर तर तेवढीही आशा नाही.

(हे राइट म्हणजे तेच, जे पुढे आपणच बिटकॉइनचे जनक सातोशी आहोत असं सांगत फिरले आणि २०२४ साली लंडनच्या हायकोर्टानं ज्यांचा दावा खोटा ठरवला. त्यांच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची मार्गदर्शिकाही चुंबकीय डिस्कसाठी एकदा शून्य लिहिणं सहसा पुरेसं मानते.)

या सगळ्यात मला वाईट वाटतं ते गॉर्डन ह्यूज यांचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले हे संशोधक. त्यांचं म्हणणं, बाहेरून पुसत कशाला बसता? पुसण्याची आज्ञा डिस्कच्या आतच घाला. खराब म्हणून डिस्कनं बाजूला काढलेले सेक्टर विंडोजला दिसत नाहीत, डिस्कला दिसतात. त्यांच्या पाठपुराव्यानं ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा डिस्कच्या मानकात आली. २००१ नंतरच्या बहुतेक डिस्कमध्ये ती आहे. पण एखाद्या व्हायरसनं तीच आज्ञा दिली तर काय, या भीतीनं कित्येक मदरबोर्ड कॉम्प्युटर सुरू होतानाच तिला कुलूप घालतात. त्यामुळे गुटमन घरोघरी पोचले आणि ह्यूज यांचं नाव कुणाला माहीत नाही.

एसएसडीचा मामला निराळा. तिथे चुंबक नाही, फ्लॅश चिप असते. एकाच जागी सारखं लिहिलं तर ती झिजते, म्हणून आतला कंट्रोलर दर वेळी नवी जागा शोधतो. तुम्हाला वाटतं जुन्या फाइलवर शून्यं लिहिली. प्रत्यक्षात ती शेजारी कुठेतरी लिहिली जातात आणि जुनी फाइल तशीच राहते. सॅन डिएगोच्याच मायकेल वेई आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये हे तपासलं. एकच फाइल पुसण्याच्या सगळ्या पद्धती नापास झाल्या, ४ ते ७५ टक्के मजकूर चिपमध्ये शिल्लक. एका ड्राइव्हनं तर ‘पुसलं’ असं कळवलं आणि आत सगळं शाबूत! ॲपलनं २०१५मध्ये ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ काढून टाकलं ते याच कारणानं.

तेव्हा सांगलीकरांनी आधी आपली डिस्क फिरती आहे की एसएसडी ते बघावं. फिरती असेल तर विंडोजमधलं ‘क्विक’ची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं, एकदा पुरे, आणि ते घरी फुकट होतं. एसएसडी असेल तर कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज वापरावा. नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट ही डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक लिपीत ठेवणारी सोय चालू करावी, म्हणजे विकताना किल्ली नष्ट केली की उरतो तो निव्वळ कचरा. ३५ फेऱ्यांचे पैसे मात्र कुणालाही देऊ नयेत.