विश्लेषण : पाण्याच्या बादलीवर कातळचढाईचा दम वाढवता येतो का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या प्रस्तरारोहकांना कातळ लांब नाही. मुंब्र्याचे कडे लोकलमधून दिसतात, वाशिंदजवळ माहुलीच्या परिसरात वजीर सुळका उभा आहे. कमतरता आहे ती वेळेची. आठवडा नोकरी आणि लोकल प्रवासात जातो, त्यात पावसाळ्याचे चार महिने कातळ ओला. मोसमाच्या पहिल्याच चढाईत हात भरून येतात. घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे देऊन हा दम टिकवता येईल का?

हात ‘भरून’ का येतात?

बोटे वळवून पकड घट्ट धरणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते मनगट आणि कोपराच्या मधल्या भागात असतात. स्नायू जोराने आकसला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. पकडीचा जोर कमाल ताकदीच्या निम्म्यापुढे गेला, की रक्तपुरवठा बव्हंशी थांबतो. प्राणवायू पोहोचत नाही, हात दगडासारखा कडक होतो आणि बोटे आपोआप उघडतात. म्हणूनच रोज धावणाऱ्यालाही कातळावर दम कमी पडतो. त्याचे हृदय थकलेले नसते, हात थकलेले असतात.

त्यात धोका काय?

आघाडीच्या आरोहकाला एका हाताने पकड धरून दुसऱ्या हाताने दोर कॅराबिनरमध्ये अडकवावा लागतो. शेवटच्या मेखेच्या पाच मीटर वर असताना हात सुटला, तर तो किमान दहा मीटर खाली येतो. दोराचा ताण धरला तर त्याहूनही अधिक. वाटेत कातळाचा टप्पा असेल तर दोर असूनही इजा होते.

दम वाढतो कसा?

दोन मार्गांनी. पहिला, कमाल ताकद वाढवणे. २५ किलो उचलू शकणाऱ्या हाताला १५ किलोची पकड जड जाते, ३५ किलो उचलणाऱ्याला तीच हलकी वाटते. दुसरा, हलक्या भाराचा वारंवार सराव. त्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि दोन पकडींच्या मधल्या क्षणांत हात लवकर सावरतो. इथे अनेकांची चूक होते. दम वाढवायचा म्हणून ते रोज जीव तोडून लटकतात. हलका सराव खरोखर हलकाच हवा.

साहित्य कोणते?

हँगबोर्ड बसवायचा तर तो काँक्रीटच्या तुळईलाच हवा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीतले स्क्रू माणसाचे वजन पेलतीलच असे नाही आणि भाड्याच्या घरात भोके पाडता येत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. सुताराकडून सागाची किंवा शिसवीची, २० मिलिमीटर खोल कंगोरा असलेली पट्टी करून घ्यावी. कडा घासून गोल कराव्यात, मधल्या भोकातून मजबूत दोर ओवावा आणि तो लोखंडी कडीच्या, झाकणाच्या २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीला बांधावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भार मोजणे सोपे. अधिक भार हवा असल्यास वाळू भरावी.

वीस मिनिटांचे वेळापत्रक कसे?

प्रथम पाच मिनिटे मनगटे आणि बोटे सैल करून अगदी हलकी बादली उचलावी. कंगोऱ्यावर चार बोटांनी, एका हाताने दहा सेकंद जेमतेम पेलेल तो आपला कमाल भार.

सोमवार आणि बुधवार दमासाठी. कमाल भाराच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे २५ किलोला १० किलो. सात सेकंद उचलायचे, तीन सेकंद सोडायचे, असे सहा वेळा. एक मिनिट उजवा हात, मग एक मिनिट डावा. प्रत्येक हाताच्या सहा फेऱ्या बारा मिनिटांत होतात आणि एका हाताचे काम चालू असताना दुसऱ्याला विश्रांती मिळते.

शुक्रवार ताकदीसाठी. कमाल भाराच्या सुमारे ८० टक्के, दहा सेकंद, प्रत्येक हाताने पाच वेळा. एकाच हाताच्या दोन उचलींत किमान दोन मिनिटे विश्रांती. शनिवारी सुट्टी, म्हणजे रविवारी कातळावर हात ताजे राहतात.

काळजी कोणती?

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरा आणि त्यांना बोटाच्या हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार सावकाश. म्हणून दोन आठवड्यांत एका लिटरपेक्षा अधिक भार वाढवू नये. बोटाच्या मुळाशी टोचल्यासारखे दुखले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वाढत्या वयातील मुलांच्या बोटांच्या हाडांची टोके अजून कोवळी असतात. सोळा वर्षांखालील मुलांनी हा सराव टाळलेला बरा.

बादली काय शिकवत नाही?

शरीराचा भार पायांवर देणे, कातळाची ठिसूळ पकड ओळखणे, दोर हाताळणे आणि मधेच विसावा शोधणे हे सारे अनुभवी आरोहकांसोबत कातळावरच शिकावे लागते. नवख्यांचे हात लवकर भरतात, ते अनेकदा पाय नीट न वापरल्यामुळे. बादलीचा उपयोग इतकाच, की मोजके रविवार हात तयार करण्यात न जाता हे शिकण्यासाठी मिळतात.