आयोडिनला वेसण

आमच्या लहानपणी गुडघा फुटला की दोनपैकी एक बाटली निघायची. लाल औषधाची असली तर ठीक. टिंक्चर आयोडिनची दिसली की पोरं अंगणाबाहेर. आता त्याच फळीवर बीटाडीन असतं. रंग तसाच तपकिरी, औषधही तेच, आयोडिन. मग ती आग गेली कुठे?

थोडी आग टिंक्चरमधल्या अल्कोहोलची होती. बाकीची मोकाट आयोडिनची. बीटाडीनमध्ये ते मोकाट नसतं, पीव्हीपी ऊर्फ पोव्हिडोन नावाच्या पॉलिमरच्या लांबलचक साखळ्यांत सैलसर अडकलेलं असतं. हा पॉलिमर १९३०च्या दशकात जर्मनीत वाल्टर रेपे यांनी घडवला. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाची जागा भरून काढायला तो शिरेतूनही दिला गेला. त्याला आयोडिन जोडण्याची युक्ती १९५५ची, फिलाडेल्फियातल्या एच. ए. आणि एम. व्ही. शेलान्स्की यांची.

जीवाणू मारतं ते सुटं आयोडिन. ते खर्ची पडलं की साखळी आणखी थोडं सोडते. नेहमीच्या १० टक्के द्रावणात कामी येईल असं आयोडिन १ टक्का असतं, पण कुठल्याही क्षणी सुटं असतं ते दहा लाख भागांत मोजके काही भाग. कोठीची किल्ली कमरेला लावून फिरणारी आजी आठवा.

गंमत पुढेच आहे. या द्रावणात पाणी घातलं की त्याचा मारा वाढतो! पातळ द्रावणात पॉलिमरची पकड ढिली होते आणि सुटं आयोडिन वाढत जातं, साधारण ०.१ टक्क्याला ते सर्वाधिक असतं, त्यापुढे मात्र उतरतं. उलट दाट द्रावणात आजीची मूठ फारच घट्ट. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या काही रुग्णालयांत रुग्णांच्या रक्तनमुन्यांत एक जीवाणू वारंवार सापडू लागला, पण त्याच्या आजाराची लक्षणं दिसेनात. तो रक्तातला नव्हताच. सुई टोचण्याआधी त्वचा पुसायच्या पोव्हिडोन-आयोडिनमधून तो नमुन्यात उतरत होता. जंतुनाशकाच्या बाटलीतच बिऱ्हाड!

तरीही घरी कुणी बाटलीत पाणी ओतू नये. पातळ केल्यावर पाझर वाढतो, साठा मात्र घटतो, आणि रक्त-पू तो बघता बघता फस्त करतात.

हीच वेसण पाण्यालाही लावता येते. अमेरिकी अंतराळयानांत पिण्याचं पाणी आयोडिन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मण्यांमधून जायचं आणि जाता जाता थोडं आयोडिन सोबत न्यायचं. पुढे अंतराळवीरांच्या थायरॉइडची काळजी वाटू लागली, तेव्हा पिण्याआधी तेच आयोडिन काढून टाकायची सोय करावी लागली.

जखमेवरच्या पट्टीत मात्र हिशेब उघड्यावर असतो. पोव्हिडोन-आयोडिनची जाळीदार पट्टी तपकिरी आहे तोवर कोठीत शिल्लक आहे. ती फिकी पडत पांढुरकी झाली की सिस्टर नवी पट्टी मागवतात.