शिसं पाण्यात की बाटलीत?

‘टीडीएस 60 आहे, म्हणजे पाण्यात शिसं नाही.’ हा समज घरोघरी पक्का बसला आहे. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. हजार लिटरच्या टाकीत जेमतेम 10 मिलिग्रॅम. मीटरवरचा आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये असतो; तो 60 वरून 61 झाला, तर तेवढा बदलच या मर्यादेच्या शंभरपट असतो. शिशाबद्दल तो काहीच सांगत नाही. पाणी उकळूनही शिसं किंवा आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं.

दुसरा समज शिकल्या-सवरलेल्यांचा: यंत्र महागडं, म्हणजे आकडा बिनचूक. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने उल्केतलं शिसं मोजून 1956 मध्ये पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं ठरवलं. हवेतलं, भांड्यांवरचं, रसायनांतलं शिसं त्याच्या मोजमापात शिरत होतं, म्हणून त्याला आधी प्रयोगशाळाच शिसंमुक्त करावी लागली. त्याच काटेकोरपणे समुद्राचं पाणी तपासल्यावर कळलं, की तोवरचे बरेचसे आकडे फुगलेले होते. समुद्राचं म्हणून मोजलेलं शिसं बरंचसं बोटीचं, बाटलीचं आणि हाताळणीचं होतं.

म्हणून खरी परीक्षा नदीकाठीच सुरू होते. बाटली आम्लाने धुतलेली हवी, हातात स्वच्छ मोजे हवेत. विरघळलेला धातू मोजायचा असेल तर पाणी आधी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि मगच शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणायचा. क्रम उलटला तर आम्ल गाळातला धातूही पाण्यात उतरवतं. आम्ल घातलंच नाही, तर शिसं बाटलीच्या भिंतींना चिकटतं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. सोबत ‘ब्लँक’ हवाच: शुद्ध पाणी त्याच बाटलीत, त्याच हातांनी, त्याच जागी भरलेलं. त्यात शिसं निघालं, तर ते नदीचं नाही.

यंत्रही फसतं. आयसीपी-एमएस हे धातू मोजणारं यंत्र अणूंचं वस्तुमान पाहतं. खाडीच्या खारट पाण्यातलं क्लोरीन (35) यंत्रातल्या आरगॉनशी (40) जोडलं गेलं, की बेरीज 75 होते, आणि आर्सेनिकही 75 च! ही गल्लत काढण्याची सोय यंत्रात असते, ती वापरावी लागते.

आणि ‘पाणी तपासलंय’ म्हणजे सगळं तपासलं असं नव्हे. 1992 मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या कूपनलिकांचं पाणी तपासलं, पण त्यात आर्सेनिकची चाचणीच नव्हती. लोक ते नितळ, बेचव विष पीत राहिले.

अहवालात ‘आढळलं नाही’ असं दिसलं, तर ते शून्य समजू नका. शोधमर्यादा, म्हणजे चाचणीला ओळखता येणारं किमान प्रमाण, किती होती आणि ब्लँकमध्ये किती निघालं, हे दोन आकडे प्रयोगशाळेकडून मागून घ्या.