अंड्यांचा अखंड हंगाम
गृहपक्षी आणि त्यांचे संगोपन : लेखांक नववा

घरात एकच पाखरू, तेही वर्षानुवर्षे एकटेच राहिलेले, आणि एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरेशुभ्र अंडे दिसावे, हा प्रकार पक्षी पाळणाऱ्या कुटुंबांत वाटतो तितका विरळा नाही. ज्याला आजवर मोठ्या हौसेने 'राजा' म्हणून हाक मारली तो राजा नसून राणी आहे, याचा उलगडाही पुष्कळ घरांत त्याच सकाळी होतो. पाठोपाठ प्रश्न येतो तो असा की, नर नसताना अंडे आले कोठून. आणि त्याचे उत्तर वस्तुतः सर्वांच्या परिचयाचे असते, कारण बाजारातून डझनाने आणली जाणारी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचा सारा जन्म कोंबड्याच्या दर्शनावाचूनच गेलेला असतो. अंडे तयार होणे हा मादीच्या शरीराचा स्वतंत्र व्यापार आहे. नराचे प्रयोजन ते फलित होण्यापुरतेच. एकट्या मादीच्या अंड्यातून पिल्लू निघणार नाही ही गोष्ट खरी, पण म्हणून ते अंडे तिला फुकट पडते असे मात्र नाही.

दुकानदार ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ते ऑस्ट्रेलियातील बजरीगर, तुरेवाले कॉकटिल आणि आफ्रिकेतील खरे लव्हबर्ड, या तिन्ही जातींच्या माद्यांत ही तक्रार विशेषेकरून आढळते. (आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई असल्यामुळे तो या लेखमालेच्या कक्षेत येत नाही.) एक दिवसाआड एक याप्रमाणे चार-सहा अंडी घालून मादी थांबली, काही आठवडे ती उबवून तिने आपणहून सोडून दिली, आणि असे वर्षातून एखाद्या वेळी घडले, तर त्यात चिंतेचे कारण नाही. परंतु एक खेप संपते न संपते तोच दुसरी सुरू व्हावी, अंड्यांची संख्या वाढत जावी, आणि मधल्या काळात पक्षिणीला पूर्ववत होण्यास उसंतच मिळू नये, असे जेथे होते तेथे मामला गंभीर समजावा.

गांभीर्याचे कारण अंड्याच्या कवचात आहे. हे कवच जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचे, असते. कोंबडीच्या देहात बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २५-२६ तास जातात आणि त्यांपैकी वीसेक तास केवळ कवच चढण्यात खर्ची पडतात. एवढ्या अल्पावधीत एवढा चुना अन्नातून मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे, निसर्गाने पक्षिणीच्या लांब हाडांच्या पोकळीत हंगामापूर्वी एक जादा अस्थिसंचय करून ठेवण्याची तजवीज केली आहे. हा तिचा खजिना. अंडी घालताना तो उपसावयाचा आणि अंडी थांबली म्हणजे सावकाश पुन्हा भरावयाचा, असा त्याचा जमाखर्च आहे. खर्च बारमाही आणि जमेच्या रकान्यात मात्र काहीच नाही, अशी अवस्था झाली की वसुली थेट मूळ हाडांतून होऊ लागते. मग हाडे ठिसूळ होतात, अंड्याचे कवच पातळ वा मऊ येते, आणि ज्या स्नायूंनी अंडे पुढे ढकलावयाचे तेच कॅल्शियमअभावी दुर्बल होऊन अंडे वाटेतच अडकते. शंभर ग्रॅमही वजन नसलेल्या कॉकटिलच्या देहातून पाच-सहा ग्रॅमचे अंडे बाहेर यावयाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या श्रमाची कल्पना येईल.

असे का व्हावे, या प्रश्नाचा विचार पक्ष्यांच्या मूळ भूमीपासून करावा लागतो. बजरीगर आणि कॉकटिल हे ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील भटके पक्षी. तेथे पाऊस केव्हा पडेल याचा नेम नाही, आणि तो पडून गवताला दाणा धरला म्हणजे मिळालेली संधी न दवडता वीण उरकून घेणे हाच त्यांचा जीवनधर्म. सुबत्ता दिसली की अंडी घालावयाची, ही आज्ञा त्यांच्या देहात खोल रुजलेली आहे. ती आज्ञा कोणकोणत्या संकेतांनी जागी होते याचा शोध शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात चिकाटीने घेतला. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२४-२५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात जुंको नावाचे लहान पक्षी उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवून, विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवीत नेला. तेव्हा बाहेर हिमाचे साम्राज्य असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्याप्रमाणे वाढलेली आढळली. पुढे फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवून दिले की, प्रकाशाचा हा परिणाम डोळ्यांवरच अवलंबून नाही. कवटीतून आत शिरणारा उजेड मेंदूपर्यंत थेट पोहोचतो. आणि १९३९ साली इंग्लंडमध्ये हॅरिसन मॅथ्यूज यांनी सिद्ध केले की, एकट्या कोंडलेल्या कबुतराच्या मादीला दुसरे कबूतर नुसते दिसले तरी ती अंडी घालते, इतकेच नव्हे तर आरशातले स्वतःचे प्रतिबिंबही त्यासाठी पुरे होते. ज्यांच्या पिंजऱ्यात आज घंटी लावलेला गोल आरसा टांगलेला असेल त्यांनी या शेवटच्या प्रयोगाचे मनन अवश्य करावे.

आता आपल्या घरातील व्यवस्था पाहू. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. पण दिवाणखान्यात ठेवलेल्या पिंजऱ्यावर पहाटेच्या दुधाच्या वेळेपासून रात्रीच्या दूरदर्शन मालिका संपेपर्यंत उजेड पडत असल्यामुळे त्या पाखराचा दिवस सहज सोळा-सतरा तासांचा होतो. दाण्याची वाटी कधी रिकामी राहू दिली जात नाही. वरून ऊन ऊन मऊ भात, उसळ, उकडलेल्या अंड्याचा चुरा, यांचे लाड असतातच. घरातली जी व्यक्ती त्याला सर्वांत जवळची, ती त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवते, आणि पाठीवरचा तो स्पर्श पक्ष्यांच्या व्यवहारात जोडीदाराचाच असतो. पिंजऱ्याबाहेर सोडले म्हणजे ते कपाटाच्या फटीत, सोफ्याखाली वा पुस्तकांमागच्या अंधारात शिरते आणि आपण त्याचे कौतुक करतो. यांतील प्रत्येक गोष्ट मायेपोटी झालेली असते, आणि त्या साऱ्यांनी मिळून त्या पक्षिणीभोवती कधीही न सरणारा विणीचा हंगाम उभा केलेला असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बंदोबस्त करावयाचा तो या हंगामाचा. अंड्यामागे लागून काही साधत नाही.

अंड्यामागे लागण्याचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे ते दिसताक्षणी उचलून टाकणे. हेतू चांगला असला तरी परिणाम नेमका उलटा होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १८८३ साली फिलिप्स नावाच्या एका निरीक्षकाने फ्लिकर या सुतारपक्ष्याच्या ढोलीत एक अंडे ठेवून रोजचे नवे अंडे काढून घेण्याचा क्रम ठेवला, तेव्हा त्या मादीने ७३ दिवसांत ७१ अंडी घातली. ठरावीक भरती होईपर्यंत घालीत राहावयाचे, हा पुष्कळ पक्ष्यांचा स्वभाव आहे, आणि आपल्या पिंजऱ्यातील पक्षिणीही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा अंडी काढू नयेत. एकट्या मादीची अंडी तशीच राहू द्यावीत, अथवा फुटण्याची भीती असल्यास त्यांच्या जागी त्याच आकाराची प्लास्टिकची वा लाकडी अंडी ठेवावीत. जोडी असेल आणि पिल्ले नको असतील, तर प्रत्येक अंडे घातले त्याच दिवशी उचलून, पाण्यात उकळून, पूर्ण निववून परत ठेवावे. गर्भ वाढू लागण्याच्या आत हे केले म्हणजे कोणा जिवाला क्लेश होत नाही. बजरीगराची अंडी सुमारे १८ दिवसांत, कॉकटिलची १८ ते २१ दिवसांत आणि लव्हबर्डची त्याहून थोडी अधिक मुदत घेऊन फुटतात. तेवढी मुदत उलटून काही दिवस गेले की मादीचे लक्ष आपोआप उडते. मग ती अंडी एकेक करून काढण्यास हरकत नाही.

हंगामाच्या बंदोबस्तात पहिला मान मडक्याचा. आपल्याकडे पिंजऱ्यासोबत, एका बाजूस वाटोळे भोक असलेले मातीचे छोटे मडके तारेने टांगून देण्याची चाल आहे, आणि पाखराला झोपायला घर हवे म्हणून लोक ते आनंदाने घेतात. बजरीगरांना झोपण्यासाठी मडके लागत नाही. ते फांदीवर, एक पाय पोटाशी घेऊन झोपतात. मडके हे घरटे आहे. ते काढावे, मात्र आत अंडी असतील तर ही खेप संपेपर्यंत थांबावे. तीच गोष्ट कापडी झोळ्यांची, पुठ्ठ्याच्या खोक्यांची आणि तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्रांची. लव्हबर्डची मादी वर्तमानपत्राच्या कडेने चोच अशी सरकवीत जाते की जणू कात्रीने कापावी तशी सरळ, बोटभर लांब पट्टी सुटून येते. गुलाबी चेहऱ्याच्या जातीची मादी तर ती पट्टी मान मागे वळवून पाठीच्या खालच्या पिसांत खोवते, आणि अशा चार-पाच पट्ट्या मिरवीत घरट्याच्या जागेकडे निघते. पाहणाऱ्याचे भान हरपावे असे हे कसब आहे. पण ते दिसू लागले की अंडी आठवडा-पंधरवड्यावर आली असे धरावे, आणि कागदावर तारेची जाळी टाकून तो तिच्या चोचीच्या आवाक्याबाहेर न्यावा.

दुसरा उपाय रात्रीचा. संध्याकाळी सातच्या सुमारास पिंजरा निवांत खोलीत नेऊन, हवा खेळती राहील असे जाड कापड टाकून, बारा ते चौदा तासांचा सलग अंधार पाखराला द्यावा. या काळात मध्येच दिवा लावणे, नुसते डोकावून पाहण्यासाठीही, टाळलेले बरे. दोन-तीन आठवडे हा नेम निष्ठेने पाळला तर पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो. पिंजऱ्याची जागा बदलणे, आतील काठ्यांची मांडणी फिरवणे, आरसा काढून घेणे, याही गोष्टी त्याच जोडीने कराव्यात. अपरिचित ठिकाणी वीण करण्यास पक्षी सहसा धजावत नाहीत. लाड करावयाचे तर डोके आणि मान यांपुरतेच करावेत. एवढ्यावर घरातील लहान मुले नाराज होतील, त्यांना कारण समजावून सांगावे. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर पटते असा अनुभव आहे.

आहाराविषयी मात्र घाई घातक. ज्या मादीची अंडी चालू आहेत तिचे अन्न तोडणे म्हणजे तिच्या हाडांवरच घाला घालणे होय. कांग, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया यांवरच जगणाऱ्या पाखराला कॅल्शियम व अ जीवनसत्त्व फार थोडे मिळते. म्हणून समुद्रफेन पिंजऱ्याला बांधून ठेवावा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर द्यावी. पालकाचा भरवसा धरू नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवून धरते. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि त्यासाठी सकाळचे कोवळे ऊन काचेआडून नव्हे तर प्रत्यक्ष मिळावयास पाहिजे. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत राहील अशी तरतूद असावी. खेप संपल्यावर मग मऊ, उष्ण पदार्थ बंद करावेत आणि दाणा मोजून, दोन वेळांना द्यावा. लहान काट्यावर पाखराचे वजन करीत जावे आणि दशांशाने घट दिसली तर हा क्रम थांबवावा.

इतके करूनही एखाद्या वेळी जे संकट ओढवते ते अंडे अडकण्याचे. पक्षीण काठीवरून उतरून तळाशी एका कोपऱ्यात बसते; पिसे फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, प्रत्येक श्वासागणिक शेपटी वरखाली होते, मधूनमधून कळ दिल्यासारखे अंग ताणते, आणि काही वेळा एक पाय लुळा पडतो, कारण आतील अंड्याचा दाब पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर येतो. हे दिसल्यावर सकाळची वाट पाहू नये. पिंजरा ३० अंश सेल्सियसच्या आसपास उबदार ठेवावा, शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवून हवा दमट करावी आणि पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबणे, तेलाचे बोट घालणे, अंडे ओढून काढणे, यांतील काहीही घरी करू नये. आत अंडे फुटले तर ते प्राणावर बेतते. आपल्या तालुक्यांतील दवाखान्यांत गाईम्हशींचीच वर्दळ असते आणि पाखरे तपासणारे वैद्य मोठ्या शहरांतच भेटतात, तेव्हा त्यांचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक, पाखरू धडधाकट असतानाच, टिपून ठेवण्याची ताकीद मी प्रत्येक पालकास देतो.

सर्व उपाय थकले तर वैद्याच्या हाती आणखी दोन साधने आहेत. ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन किंवा डेस्लोरेलिनची त्वचेखाली बसवावयाची बारीक कांडी यांनी मेंदूकडून सुटणारी विणीची आज्ञा काही काळ थोपवता येते. परिणाम ओसरला की ती पुन्हा द्यावी लागतात. शस्त्रक्रियेने अंडवाहिनी काढताही येते, पण अंडाशय मोठ्या रक्तवाहिन्यांना लगटून असल्यामुळे तो बहुधा जागीच ठेवावा लागतो, आणि एवढ्याशा देहाला भूल देण्याचा धोका निराळाच. खर्च, धोका आणि पाखराचे वय यांची वैद्याकडून पूर्ण खातरजमा करून घेतल्यावाचून या मार्गाला जाऊ नये, आणि गेल्यावरही रात्रीचा अंधार नि मडक्याची बंदी चालूच ठेवावी.

उबवणुकीच्या काळात काही माद्या स्वतःच्या छातीची पिसे उपटू लागतात; त्यांचा आणि एकंदरीत पिसे उपटण्याच्या विकाराचा विचार पुढील लेखांकात करू.